खिडकी कोणत्या हाताला

सआदत आपानं दस्तरखानावरची अर्धी भांडी स्वतःकडे ओढली आणि जेवण व्हायच्या आत नवा कारखाना मांडून टाकला. चहाची किटली म्हणजे जर्दाळू धुण्याची टाकी, साखरेचं भांडं म्हणजे गंधकाची धुरी द्यायची खोली, वाढायचा मोठा चमचा म्हणजे गाड्या लागायचा धक्का. नान मात्र कशाचीच भिंत होणार नाही, असं बीबीनं, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, आधीच बजावलं होतं. तेव्हा भिंतींसाठी आपानं धाकट्या भावाच्या, बहरोमच्या, खिशातल्या काड्यापेट्या काढून घेतल्या.

बाबा हिवाळ्यात गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळी भावंडं जेवायच्या लाकडी तख्तावर एकत्र बसली ती ह्या शेडसाठी. जुनी शेड घराच्या अंगणात होती, नवी सडकेलगत होणार होती. जागा सपाट झाली होती, खडी पडली होती, काँक्रीटवाले उद्या सकाळी यायचे होते. एकदा काँक्रीट पडलं की सांडपाण्याचं गटार आणि जमिनीचा उतार कायमचा. आणि आपाच्या मते उतार ठरला की निम्मा कारखाना ठरला.

आपाचं आयुष्य खुजंदच्या एका डबाबंद फळांच्या कारखान्यात गेलं होतं. कशाशेजारी काय असावं हे ठरवणं, हेच तिचं काम. ती कागदाला आधी हात लावत नसे. दोन-दोन कामं समोर घेऊन विचारायची: ह्यांना एकमेकांजवळ असावं लागतं, की नसलं तरी चालतं, की दूरच ठेवलेलं बरं? टाकी आणि बॉयलर जवळ. गंधकाची खोली आणि बायकांची चहाची जागा दूर, अगदी दोन टोकांना. संडास कामाच्या जागेहून फार लांब नको, नाहीतर माणसं दिवसभर पाणी पीत नाहीत. असं सगळं झालं की मगच मालाची वाट.

"माल एकदा पुढे गेला की मागे वळायचा नाही," आपा म्हणाली, "आणि धुतलेल्या मालानं न धुतलेल्याचं तोंड पाहायचं नाही."

तिनं ताटलीतला एक कच्चा, हिरवा जर्दाळू उचलला आणि किटलीपासून चालवत नेला. धुतला, वाळवला, निवडला, खोक्यात भरला, गाडीत चढला. चमच्यापाशी पोचल्यावर तिनं तो मिठात बुडवून खाऊन टाकला. सगळे हसले. मग तिनं निवडण्याच्या जागी एक निळा पियाला ठेवला, पॅकिंगच्या जागी दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवले.

हसणं थांबलं. निवडण्याची जागा झेबुनिसाची होती, म्हणजे थोरल्या इस्कंदरच्या बायकोची. पॅकिंग गुलरुखचं, म्हणजे बहरोमच्या बायकोचं. ह्या दोन जावांचा अकरा वर्षं अबोला होता, आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ होता. दोघी तख्ताच्या दोन टोकांना होत्या. एक चहा ओतत होती, दुसरी कांद्याची पात निवडत होती, आणि दोघींनीही मान वर केली नाही.

"आपा, तेवढं जरा सरकव," इस्कंदर म्हणाला.

"का? कामं तर सगळ्यात जवळची हीच आहेत."

"कामं जवळची असतील. माणसं नाहीत."

बीबीनं सुरकुतलेल्या बोटानं एक पियाला अलगद दूर केला. "सुनांना एका भिंतीला बसवू नये," ती म्हणाली. "मी बसवून पाहिलंय."

*

अबोल्याची कथा सांगायची तर ती मिठाची कथा. बहरोमच्या मुलाच्या सुंतेला पाऊण गाव जेवायला आलं होतं. मोठ्या कढईत पुलाव चढला होता, आणि तो इतका खारट झाला की पाहुणे नुसता कांदा-नान खाऊन, 'बरकत राहो' म्हणून निघून गेले. झेबुनिसा म्हणाली, मीठ मी घातलं होतं, त्यावर हिनं परत घातलं. गुलरुख म्हणाली, सांगितलं मला होतं, हिनं मध्ये हात का घातला? त्यावरून माहेरं निघाली. माहेरं निघाली की आमच्या इस्फारात गोष्ट परत फिरत नाही.

बाबांना भांडणाचा कंटाळा. त्यांनी आठवड्यात दोन चुली केल्या, अंगणाला दोन फाटकं केली, आणि शेडमध्ये निवडणं पूर्वेला ठेवून पॅकिंग थेट पश्चिमेला नेलं. मध्ये तुतीचं झाड. तेव्हापासून धुतलेले, निवडलेले जर्दाळू क्रेटमध्ये भरून शेडच्या बाहेर निघत, तुतीखालून अंगण ओलांडत आणि पलीकडच्या दारानं पुन्हा आत जात. त्याच अंगणातून डोंगराकडचा धुळीनं माखलेला माल आत यायचा. गेल्या शरदात अल्माटीच्या व्यापाऱ्यानं अख्खी गाडी परत पाठवली. खोक्यांत खडे आणि तुतीची पानं निघाली होती. यंदाही तसंच झालं तर दुसरं दार शोधा, असं त्यानं फोनवर गोड शब्दांत सांगितलं होतं.

जेवणानंतर दोघे भाऊ पाटाच्या कडेला हात धुवायला गेले आणि तिथेच उकिडवे बसले. बहरोमच्या मनात दोन शेडी होत्या. अर्धी जागा तुझी, अर्धी माझी, कुणाचं कुणाशी घेणं नाही. इस्कंदरनं पाण्यात चूळ टाकली. दोन अर्ध्या शेडी भरतील एवढा माल आहे कुठे, त्यानं विचारलं, आणि अल्माटीवाला अर्ध्या गाडीसाठी इथवर येईल का? बहरोमला ते पटत होतं. पण बायकोला रोज झेबुनिसाच्या तोंडासमोर बसवायचं, ह्या विचारानं त्याला आत्ताच घाम येत होता. गुलरुख अलीकडे जरा कोमेजल्यासारखी वाटायची. कढई ढवळतानाही डावा हात वापरायची. दुखतंय का विचारलं तर म्हणे, छे, सवय लागली. ईदनंतर त्यानं सुचवलंही होतं की ह्या हंगामात तू घरी थांब, पॅकिंगला कोनिबोदोमच्या चुलतभावाची बायको येईल. तेव्हा तिनं दोन दिवस त्याच्यापुढे नुसता चहा आदळला.

"मधे भिंत घालू," बहरोम म्हणाला. "पार छतापर्यंत. इकडचं तोंड तिकडे दिसायला नको."

"आणि माल?"

"भिंतीला खिडकी. क्रेट खिडकीतून ढकलायचा."

इस्कंदरनं थोरल्या भावाला शोभेल इतका वेळ विचार केला. सकाळपर्यंत तो बहिणीच्या बाजूनं होता, पण ह्या घरात बहिणीची बाजू घेऊन संध्याकाळी बायकोशेजारी बसायचं हे सोपं नव्हतं. भिंत त्याला एकदम आवडली. दोघे मिशांवरचं पाणी पुसत परत आले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी एका मताचे दिसत होते.

आपानं पियाले पुन्हा जवळ आणून मधे काड्यापेटी उभी केली आणि चष्म्यावरून पाहिलं. तिला भिंत चालणार होती. उलट पॅकिंगची खोली बंद असलेलीच बरी, धूळ येत नाही. मालाची वाट तर सरळच राहते. "बघा," ती म्हणाली, "वेडे आहात, पण बरोबर जागी पोचलात." बीबीनंही मान हलवली. ज्यानं-त्यानं आपापल्या हुशारीवर एकेक पियाला चहा प्यायला.

*

झेबुनिसा रिकाम्या ताटल्या घेऊन मागच्या अंगणात आली. तुतीखाली गुलरुख पाण्याची बादली भरत होती, डाव्या हातानं. तख्तावरून इथलं काही दिसत नाही. बाबांनी तुती मध्ये ठेवली ती दोघींना तोडायला. गेली दहा वर्षं त्या तिच्याच आडोशाला बोलत होत्या.

खरा अबोला पुरता एक वर्षही टिकला नव्हता. पहिल्याच शरदात क्रेट देताघेता इथे उभ्या असताना गुलरुखला अचानक हसू फुटलं होतं. 'यांगा,' ती म्हणाली होती, 'तूही घातलंस, मीही घातलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं गं.' आमच्याकडे थोरल्या जावेला यांगा म्हणतात. तो शब्द त्या दिवशी परत आला आणि झेबुनिसा क्रेटवरच बसून हसत राहिली. मग दोघींनी शहाण्यासारखा विचार केला. भांडण मिटलं असं सांगितलं तर काय होईल? चुली परत एक होतील. परत सकाळी उठून बीबीला विचारायचं आज काय शिजवू, परत कमरेच्या किल्लीनं मोजून तेल. स्वतःच्या चुलीवर झेबुनिसा मन मानेल तेव्हा भोपळ्याचे संबुसे करायची. तिची आई येऊन चार दिवस राहायची, आणि घरात कुणी कपाळाला आठी घालत नसे. तेव्हा अबोला चालू ठेवायचा ठरला. चारचौघांत त्या एकमेकींशी भांड्यांमार्फत, पोरांमार्फत, लेकी बोले सुने लागे असं बोलायच्या, आणि दिवसातून दोन-तीनदा तुतीखाली माणसांसारखं.

दोन हंगामांपूर्वी गुलरुख शिडीवरून पडली. उजवा खांदा आखडला तो आखडलाच. छातीच्या वर हात जाईना, ओझं ओढवेना. ते फक्त झेबुनिसाला माहीत होतं, कारण तुतीखाली भरलेले क्रेट गुलरुखच्या गाड्यावर चढवून द्यायची ती. कुणाला कळलं असतं तर बहरोमनं हंगामाआधीच तिला घरी बसवलं असतं. आणि पॅकिंग गेलं की गुलरुखपाशी दिवस नावाची गोष्ट उरली नसती.

"भिंत घालतायत," झेबुनिसा म्हणाली.

"ऐकलं. तुती गेली आपली." गुलरुखनं बादली खाली ठेवली. "खिडकी कुठे काढतायत, पाहिलंस?"

"तुझ्या उजव्या हाताला. माझ्याकडे गटार उजव्या भिंतीनं जातंय, म्हणून खिडकी दुसऱ्या टोकाला. समोरासमोर माझं डावं ते तुझं उजवं."

 खिडकी छातीइतकी उंच असणार. दिवसभर, अख्खा हंगाम, प्रत्येक क्रेट उजवीकडून ओढायचा. दोघींनी ते मनातल्या मनात एकदा करून पाहिलं.

"सांग ना आपाला, डावीकडे हवी म्हणून."

"आणि ह्यांनी विचारलं, का? आधीच डाव्या हातावर डोळा आहे त्यांचा." तिनं बादली उचलली. "आणि तू मध्ये पडू नकोस, यांगा. तुझ्या तोंडातून माझं नाव निघालं की संपलं. बघू, होईल काहीतरी."

आपाला बाजूला घेऊन सांगावं, असं झेबुनिसाच्या मनात आलं आणि लगेच गेलं. आपा बाई सोन्यासारखी, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताटल्या घासायच्या राहिल्या होत्या, त्या तशाच टाकून ती तख्ताकडे गेली.

*

इस्कंदर फोन हातात घेऊनच बसला होता. काँक्रीटवाल्याला आत्ता सांगायचं होतं, कारण गटाराचा साचा तो संध्याकाळी बसवणार होता.

"ही खिडकी," झेबुनिसानं बोट दाखवलं, "माझ्या उजव्या टोकाला हवी."

घरातल्या मोठ्यांच्या बैठकीत सुनेनं न विचारता बोलायचं, हे तिथे नवीनच होतं. आपाला त्याचं काही वाटलं नाही, ती कामाच्या प्रश्नाला कामाचं उत्तर देणारी होती. तिनं समजावलं. उजव्या भिंतीनं गटार आहे, तिथे पाय भिजतील. शिवाय तू तर क्रेट नुसता ढकलणार, कुठल्याही हातानं ढकल. हात महत्त्वाचा तो पलीकडे घेणाऱ्याचा.

"गुलरुख," आपानं हाक मारली, "तुझ्या उजव्या हाताला चालेल ना?"

उत्तर बहरोमनं दिलं. "न चालायला काय झालं? खिडकी उजव्या हाताला मिळतेय, आणखी काय पाहिजे? की हात दुखतोय?" आणि तो बायकोकडे वळून बघत राहिला.

गुलरुख बादली घेऊन पायरीपाशी उभी होती. "चालेल," ती म्हणाली. "उजवीकडेच बरं."

इस्कंदरनं फोन लावला. पलीकडे वाजायला लागला. झेबुनिसाला स्वतःची चूल दिसली, तिच्यावरचं जाड बुडाचं काळं पातेलं, खिडकीतली कोथिंबिरीची कुंडी. तिला त्या सगळ्याचा मोह होता आणि तो काही लपण्यासारखा नव्हता. पण समोर गुलरुख ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि तिनं बादली अजूनही डाव्याच हातात धरली होती.

"गुलरुख," झेबुनिसा म्हणाली, "खरं सांग. क्रेट तुला कोणत्या हाताला हवा?"

तख्तावर कुणीतरी पियाला खाली ठेवला. फोनमधून काँक्रीटवाला हॅलो, हॅलो करत होता आणि इस्कंदर त्याला उत्तर द्यायला विसरला. गुलरुखनं जावेकडे पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो राहिला नाही.

"डाव्या," ती म्हणाली.

"डाव्याच," झेबुनिसा आपाकडे वळली. बोलायला लागलीच होती, आता थांबण्यात अर्थ नव्हता. "तिच्या उजव्या हातात चिकटपट्टी असते, आपा. डाव्यानं क्रेट ओढते, उजव्यानं खोकं बंद करते. उजवीकडून माल आला तर दर वेळी पट्टी खाली ठेवावी लागेल. दिवसाला किती खोकी, तूच हिशेब कर."

आपाचे डोळे चमकले. "अरे, मग हे आधी सांगायचं! गटार दुसऱ्या भिंतीला घे, इस्कंदर. उतार उलटा कर म्हणावं, आज होतंय, उद्या होणार नाही." तिनं काड्यापेटीची बाजू बदलली, आणि तिच्यापुरता विषय तिथे संपला.

बहरोम चिकटपट्टीवर विचार करत होता. डाव्या हाताचं कारण मिळालं म्हणून त्याच्या कपाळावरची आठी गेली. इस्कंदर फोनवर उलटा उतार समजावत होता.  बीबीनं मात्र नानचा एक तुकडा मोडला, चावून संपवला आणि मग विचारलं.

"थोरले, अकरा वर्षांत तू तिच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीस. ती कोणत्या हातानं काय करते, तुला कसं गं ठाऊक?"

  बीबीनं थोरलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि मग दोघींच्या मधून मागच्या तुतीच्या शेंड्याकडे. म्हातारीला राग यायला हवा होता. आला तो थोडा उशिरा आणि फार वेळ टिकला नाही. दोन्ही घरी आठवडा-आठवडा वाटून जेवताना तिनंही अकरा वर्षं आपला वाडगा इकडून तिकडे नेला होता, हिवाळ्यात बर्फातून, काठी टेकत.

"बोलता येतंय तर मग चुली दोन कशाला?" ती म्हणाली. "कोठीतली मोठी कढई काढा. आजपासून एकच."

  आपानं एवढंच म्हटलं की कोठीची जागाही तिला एकदा बघायची आहे, तिथून सैपाकघर फार लांब पडतं.

*

कोठीत कढई पालथी घातलेली होती, सुंतेच्या दिवसानंतर कुणी हात न लावलेली. वर जळमटं, खाली उंदराची लेंडकं. बाहेर बीबी नव्या व्यवस्थेच्या सूचना देत होती. तेलाची बरणी कुठे राहील, सकाळी कोणी उठायचं.

"एका खिडकीसाठी चूल घालवलीस," गुलरुख दबक्या आवाजात म्हणाली. आवाज दबका ठेवायची आता गरज नव्हती, पण सवय जायला वेळ लागतो. "संबुसे विसर आता. तुझी आई आली तर कुठे झोपणार?"

"बघू."

"मी म्हटलं होतं ना मध्ये पडू नकोस? मी ओढले असते कसेतरी."

"किती दिवस?"

 गुलरुखचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिनं उजवा हात उचलला. तो खांद्याच्या अलीकडेच थांबला, तेव्हा तिनं डाव्यानं पुसले.

"आणि मीठ?" ती म्हणाली. "मीठ आता कोण घालणार?"

"तू घाल. मी पलीकडे बघेन."

दोघी हसल्या, मग दोघींनी मिळून कढई उताणी केली. जड होती, दोन कड्या होत्या, एकेकीनं एकेक धरायची. झेबुनिसा वळसा घालून पलीकडच्या कडीशी गेली. गुलरुखच्या डाव्या हाताला अलीकडची कडी बरोबर आली.